सक्शनचा पाइप आणि झोपेतला घसा

विहिरीवर मोटर बसवणाऱ्या कुणालाही विचारा. मोटरच्या पुढचा, शेताकडे पाणी नेणारा डिलिव्हरीचा पाइप कसलाही चालतो. कापडासारखा चपटा, गुंडाळून खांद्यावर टाकता येणारा असला तरी पाणी आलं की तो फुगतो. विहिरीत सोडलेला सक्शनचा पाइप मात्र कडक लागतो, नाहीतर आत कडी असलेला. कारण पुढच्या पाइपातून पाणी ढकललं जातं आणि मागच्यातून ते ओढलं जातं. ओढण्याच्या बाजूला मऊ पाइप लावला, तर मोटर सुरू होताच तो चिकटतो. मोटर घुमत राहते, पाणी काही येत नाही.

आपण श्वास आत घेतो तेव्हा हवा ओढतो. छाती आणि पोट यांच्यामधलं घुमटासारखं श्वासपटल खाली सरकतं, छातीतला दाब कमी होतो आणि बाहेरची हवा आत येते. म्हणजे नाकापासून फुप्फुसापर्यंतचा सगळा मार्ग हा सक्शनचा पाइप आहे. त्याच्या वरच्या टोकाला नाकाची हाडं आहेत. खालच्या टोकाला श्वासनलिका आहे आणि तिला कूर्चेची सोळा ते वीस कडी आहेत. मधला काही सेंटिमीटरचा भाग, टाळूच्या मागून स्वरयंत्रापर्यंतचा, तेवढा मऊ आहे. तिथे हाड नाही, कडं नाही. आहे ते हायॉइड नावाचं एक छोटं हाड, आणि तेही दुसऱ्या कुठल्याच हाडाला सांध्याने जोडलेलं नाही, स्नायूंच्या दोऱ्यांवर लोंबकळतं. अन्न गिळायचं आणि शब्द घडवायचे, ही दोन्ही कामं याच जागेत होतात आणि दोन्हींसाठी ती लवचीक असावी लागते. बोलता येण्याची किंमत आपण घशाच्या या मऊपणाने मोजली आहे, असं अनेक शास्त्रज्ञ मानतात आणि मला ते पटतं.

मग हा मऊ पाइप दर श्वासाला चिकटत कसा नाही? त्याला स्नायू उघडा धरून ठेवतात. वरच्या श्वासमार्गाभोवती असे वीसहून अधिक स्नायू आहेत. त्यांतला सर्वांत मोठा आणि सर्वांत महत्त्वाचा जिनिओग्लॉसस. हनुवटीच्या आतल्या बाजूने निघून तो पंख्यासारखा जिभेत पसरतो आणि जिभेला पुढे खेचतो. या स्नायूंनी नुसतं काम करून भागत नाही, वेळेवर करावं लागतं. मोटर सुरू होण्याच्या आधी पाइप ताठ व्हायला हवा. निरोगी माणसात तसंच होतं. मेंदूच्या तळाशी असलेलं श्वसनकेंद्र जिभेच्या मज्जातंतूला हुकूम देतं, आणि श्वासपटलाकडचा हुकूम त्याच्या किंचित मागाहून निघतो. अंतर सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. नाकपुड्या फुलवणारे स्नायूही असेच हवा आत येण्याच्या क्षणभर आधी जागे होतात.

झोपेत हा मेळ बिघडला की अडथळ्याचा स्लीप ॲप्निया होतो. श्वासपटल ओढतं आहे, छातीत निर्वात तयार होतो आहे आणि घसा मिटलेला आहे.

मला हे समजलं ते माझ्या थोरल्या मामांमुळे. निफाडजवळ त्यांची द्राक्षाची बाग आहे. वय साठ, अंगाने किडकिडीत, सकाळी उठल्यापासून पायांवर. मामी सांगायच्या की हे रात्री घोरतात आणि घोरता घोरता एकदम शांत होतात, मग दचकल्यासारखे फुर्रकन श्वास घेतात. दुपारी ट्रॅक्टरवर बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागला, तेव्हा मी त्यांना झोपेच्या तपासणीसाठी घेऊन गेलो आणि रात्रभर शेजारच्या खोलीत पडद्यासमोर बसलो. डोक्याला, हनुवटीला, पायांना चिकटवलेल्या तारा. नाकाशी हवेचा प्रवाह मोजणारी नळी. बोटाला ऑक्सिजनची चिमटी. छातीवर एक पट्टा, पोटावर दुसरा.

मध्यरात्रीनंतर मी जे पाहिलं ते विसरता येणार नाही. नाकाची रेष सपाट झाली. छातीच्या आणि पोटाच्या रेषा मात्र चालूच होत्या, आणि उलट्या चालत होत्या. पोट वर जाई तेव्हा छाती खाली, छाती वर तेव्हा पोट खाली. वीस सेकंद, तीस सेकंद. रेषा मोठ्या होत गेल्या. मग हनुवटीच्या तारेवर एकदम गर्दी उसळली, मामांनी मोठा श्वास घेतला, आणि दोन्ही रेषा पुन्हा बरोबर चालू लागल्या. मिनिटभराने तेच.

सकाळी अहवालात एक आकडा आला: तासाला 34. श्वास किमान दहा सेकंद थांबला किंवा बराच मंदावला, असं तासाभरात किती वेळा झालं याची ही सरासरी. पाचच्या खाली ठीक, पाच ते पंधरा सौम्य, पंधरा ते तीस मध्यम, तीसच्या वर तीव्र. मामांनी कागद उलटसुलट पाहिला आणि विचारलं, “अरे, कितीदा बंद पडला ते कळलं. पण का बंद पडतो? मोटर कमी ओढते, का जास्त ओढते, का पाइपच मऊ आहे?”

जगभरातल्या प्रयोगशाळा गेली पन्नास वर्षं याच प्रश्नाच्या मागे आहेत, आणि रुग्णाच्या हातात पडणारा अहवाल आजही त्याचं उत्तर देत नाही, याची मला खंत वाटते.

झोपेत श्वास थांबतो ही गोष्ट यंत्रावर नोंदली गेली ती 1965 साली, फ्रान्समध्ये मार्सेय इथे आणि जर्मनीत फ्रायबुर्ग इथे, जवळजवळ एकाच वेळी. स्नायू नेमके काय करतात हे पाहण्याचं काम त्यानंतरचं. 1978 साली जॉन रेमर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झोपलेल्या रुग्णांच्या जिनिओग्लॉससमधली विद्युत हालचाल आणि घशातला दाब एकत्र नोंदवला. त्यांना दिसलं ते तराजूसारखं होतं. एका पारड्यात घसा आत ओढणारा निर्वात, दुसऱ्यात तो उघडा धरणाऱ्या स्नायूंचा जोर. जिभेचा जोर उतरला की घसा मिटतो, आणि रुग्ण क्षणभर जागा होताना जिभेचा स्नायू एकदम पेटून उठतो तेव्हा तो उघडतो. हनुवटीच्या तारेवर मला दिसलेली उसळी त्याच जातीची.

मग सरळ अनुमान असं निघेल की या रुग्णांचे स्नायू दुबळे असतात. 1992 साली अमेरिकेत डेव्हिड व्हाइट यांच्या गटाने जागेपणी मोजमाप केलं तेव्हा उलटंच निघालं. ॲप्नियाच्या रुग्णांचा जिनिओग्लॉसस जागेपणी निरोगी माणसांच्या साधारण तिप्पट जोराने काम करत होता. घसा जन्मतः अरुंद, जबडा लहान किंवा मागे. ती उणीव हा स्नायू दिवसभर भरून काढतो. झोप लागली की मेंदूतून येणारा जागेपणाचा जादा हुकूम थांबतो आणि ही भरपाई कोसळते. माणूस दिवसा तपासायला जातो, डॉक्टर घशात पाहतात, सगळं उघडं दिसतं. दोष दिसायला माणूस झोपलेलाच हवा.

आता हे मोजायचं कसं? स्नायू आकुंचन पावतो तेव्हा त्यात सूक्ष्म वीज निर्माण होते. ती टिपण्याच्या पद्धतीला ईएमजी म्हणतात. हृदयाचा ईसीजी तसा स्नायूंचा ईएमजी. नेहमीच्या तपासणीत हनुवटीखाली चिकटवलेली चकती हेच करते, पण तिच्यात त्या भागातल्या सगळ्या स्नायूंचा आवाज मिसळलेला असतो. मुख्य उद्देशही तिचा वेगळाच: स्वप्नांच्या झोपेत शरीर शिथिल झालं का, हे ओळखणं. जिनिओग्लॉससचा स्वतंत्र आवाज ऐकायचा तर केसासारख्या बारीक दोन तारा सुईतून जिभेखालच्या स्नायूत सोडतात, सुई काढून घेतात आणि तारा आत राहतात. जागा आधी बधिर केलेली असते. तरीही अशा तारा तोंडात असताना झोपायला तयार होणाऱ्या माणसांचे आपण सगळे ऋणी आहोत. या विषयातलं जवळजवळ सगळं ज्ञान त्यांनी दिलेल्या रात्रींतून आलं आहे.

श्वासपटलाचं मोजमाप त्याहून अवघड. खालच्या बरगड्यांवर चकत्या लावल्या की शेजारच्या हृदयाचे ठोके नोंदीवर चढून बसतात आणि ते गणिताने वेगळे काढावे लागतात. म्हणून अचूक कामासाठी नाकातून अन्ननलिकेत एक बारीक नळी उतरवतात. अन्ननलिका श्वासपटलाला भेदून जठराकडे जाते, त्यामुळे नळीवरच्या विद्युतपट्ट्या श्वासपटलाच्या अगदी लगत बसतात. त्याच नळीतून छातीतला दाबही कळतो. या दाबाचं माप पाण्याच्या स्तंभाच्या सेंटिमीटरात सांगतात, ही गोष्ट मामांना फार आवडली. शांत श्वासात तो पाच-दहा सेंटिमीटरने हलतो. घसा मिटलेला असताना श्वासपटल ओढत राहतं तेव्हा हीच ओढ चाळीस-पन्नास सेंटिमीटरवर जाऊ शकते. बंद दाराशी इतक्या जोराने झगडणारं शरीर सकाळी ताजंतवानं उठेल कसं?

दोन्ही नोंदी एका पडद्यावर एकाखाली एक आल्या की खरं काम सुरू होतं. जीभ आधी जागी झाली की श्वासपटल? किती अंतराने? ओढ वाढत गेली तशी जीभही वाढत्या जोराने उत्तर देत होती, की गप्प होती? प्रत्येक माणसाच्या स्नायूची वीज वेगळी आणि तार बसण्याची जागाही थोडी वेगळी, म्हणून नुसत्या मायक्रोव्होल्टची तुलना फसवी ठरते. त्यासाठी आधी माणसाला जीभ दातांवर सगळ्या ताकदीने दाबायला लावतात, गिळायला लावतात. तो जोर शंभर धरून झोपेतला जोर टक्क्यांत मांडतात.

सुया आणि नळ्या नको असतील तर पट्ट्यांचा आधार असतो. छातीवरच्या आणि पोटावरच्या त्या दोन पट्ट्यांत नागमोडी तार शिवलेली असते. घेर बदलला की तारेचा विद्युत गुणधर्म बदलतो. 1967 साली बोस्टनमध्ये कोन्नो आणि मीड या दोघांनी छाती आणि पोट यांच्या हालचाली वेगवेगळ्या मोजून एका आलेखावर एकमेकींसमोर मांडण्याची रीत दिली. आडव्या अक्षावर एक, उभ्या अक्षावर दुसरी. दोन्ही बरोबर चालत असतील तर श्वासागणिक एक तिरपी रेघ उमटते. एक मागे पडली की रेघेचं पोट फुगतं, वेटोळं बनतं. पूर्ण उलट चालू लागल्या की रेघ पुन्हा सरळ होते, पण उलट्या बाजूला कललेली. या मागेपुढेपणाला अंशांत मोजतात आणि त्या मापाला फेज अँगल म्हणतात. शून्य म्हणजे पूर्ण मेळ, 180 म्हणजे पूर्ण विरोध. भजनात टाळ आणि मृदंग एकाच ठेक्यावर पडतात की नाही हे कान ओळखतो, तेच काम इथे हा कोन करतो.

हा मेळ का तुटतो? घसा मिटला की बाहेरून हवा येत नाही. श्वासपटल खाली जातं, पोटातले अवयव पुढे ढकलतं, पोट वर येतं. त्याच वेळी छातीतला निर्वात बरगड्यांच्या भिंतीला आत ओढतो. म्हणून पोट वर, छाती खाली. मेंदूकडूनच हुकूम निघाला नाही तर दोन्ही पट्टे सपाट राहतात. तो वेगळा आजार आहे, त्याचे उपायही वेगळे. दोहोंतला फरक नेहमीच्या तपासणीत या पट्ट्यांवरूनच ओळखतात. एक सावधगिरी मात्र हवी. स्वप्नांच्या झोपेत बरगड्यांमधले स्नायू सैल पडतात आणि जवळजवळ सगळा भार एकट्या श्वासपटलावर येतो. तेव्हा घसा उघडा असूनही छाती थोडी मागे पडू शकते. तान्ह्या बाळांच्या बरगड्या मऊ असतात, त्यांच्यात तर हे सहज दिसतं. कोन वाढला म्हणजे घसा मिटलाच, असं म्हणता येत नाही. सोबत नाकाचा प्रवाह आणि झोपेचा टप्पाही पाहावाच लागतो.

ईएमजीचीही एक मर्यादा आहे. स्नायूला हुकूम पोहोचला एवढंच ते सांगतं. जीभ खरोखर हलली का, हे सांगत नाही. सिडनीतल्या संशोधकांनी, लिन बिल्स्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, एमआरआयच्या चित्रावर जणू चौकटीचं जाळं आखून श्वासागणिक जिभेचा कुठला भाग कुठे सरकतो हे पाहिलं. कुणाची जीभ सगळी पुढे सरकत होती, कुणाची फक्त मागची बाजू, कुणाच्या जिभेचे दोन भाग विरुद्ध दिशांना जात होते, आणि तीव्र ॲप्नियाच्या अनेकांची जीभ जेमतेम हलत होती. हुकूम निघाला, वीज पोहोचली, काम मात्र झालं नाही. माझ्या मते गेल्या काही वर्षांत या विषयात घडलेली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे, कारण मेंदूची चूक आणि स्नायूची चूक तिने वेगळी केली.

या सगळ्या मोजमापांचा उपयोग काय, याचं उत्तर 2013 साली हार्वर्डमधल्या गटाने बऱ्याच अंशी दिलं. डॅनी एकर्ट आणि अँड्र्यू वेलमन यांच्या अभ्यासात प्रत्येक रुग्णामागची कारणं सुटी करून मोजली गेली. अरुंद, सहज मिटणारा घसा हे पहिलं कारण. पण सुमारे 36 टक्के रुग्णांत जिभेचा स्नायू ओढीला जवळजवळ दादच देत नव्हता. 37 टक्क्यांना थोड्याशा अडथळ्याने जाग येत होती, म्हणजे स्नायूला सावरायला वेळच मिळत नव्हता. 36 टक्क्यांत श्वसनाचं नियंत्रण गरजेपेक्षा तापट होतं: थोडा कार्बन डायॉक्साइड वाढला की जोरदार श्वास, मग लगेच मंदी, मग पुन्हा जोर. घशाच्या रचनेपलीकडचं यांपैकी एक तरी कारण 69 टक्के रुग्णांत होतं. तासाला 34 हा आकडा यांपैकी कुणाचाही असू शकतो.

उपचारांकडे या नजरेने पाहिलं की चित्र बदलतं. 1981 साली सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी नाकावाटे सौम्य दाबाने हवा सोडून घसा उघडा ठेवण्याची पद्धत जाहीर केली. तेच आजचं सीपॅप यंत्र. ते स्नायूंना सुधारत नाही, त्यांचं काम आपल्याकडे घेतं. सक्शनचा पाइप क्षणात डिलिव्हरीचा करून टाकतं म्हणा. म्हणूनच ते बहुतेकांना लागू पडतं, कारण कुठलंही असो. पण अनेकांना रात्रभर मुखवटा सोसत नाही. अशांपैकी काहींसाठी जिभेच्या मज्जातंतूला सूक्ष्म विजेची चेतना देणारं उपकरण छातीत बसवतात. त्याचा एक संवेदक श्वासाची हालचाल ओळखतो, आणि श्वास आत घेण्याच्या वेळी जिभेला हुकूम जातो. हरवलेला मेळ यंत्राने परत बसवायचा, हीच त्यामागची कल्पना. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 126 रुग्णांचा मधला आकडा वर्षभरात तासाला 29.3 वरून 9 वर आला. उपकरण महाग आहे, शस्त्रक्रिया लागते आणि ते सगळ्यांसाठी नाही. पण ‘वेळ साधणं’ हाच उपचार होऊ शकतो, हे त्याने दाखवून दिलं.

स्नायूंना तालीम देण्याचाही मार्ग तपासला गेला आहे. स्वित्झर्लंडमध्ये ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचं डिजरिडू हे लांब सुषिर वाद्य चार महिने वाजवायला दिल्यावर रुग्णांचा त्रास कमी झाल्याचं 2006 साली छापून आलं. 2025 साली जयपूरच्या डॉक्टरांनी तीस रुग्णांच्या एका छोट्या चाचणीचे निष्कर्ष मांडले: त्यांतल्या काहींनी आठवड्यातून पाच दिवस, रोज किमान पंधरा मिनिटं, सहा महिने शंख फुंकला. त्यांचा रात्रीचा श्वासरोध कमी झाला आणि दिवसाची झोपाळू अवस्थाही. अभ्यास लहान आहे. शंख घेऊन मुखवटा फेकून देऊ नका, असं मी मामांना बजावून सांगितलं. पण फुंकताना ओठ, जीभ, टाळू, घसा आणि श्वासपटल यांना एकमेकांशी जुळवून घ्यावंच लागतं, त्यामुळे हा मार्ग मोठ्या चाचणीच्या लायकीचा नक्कीच आहे.

आपल्याकडे हा प्रश्न किती मोठा आहे? मुंबईत झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी मध्यमवयीन पुरुषांची पाहणी करून 2004 साली सांगितलं की 19.5 टक्के पुरुषांचा श्वास झोपेत बिघडतो आणि 7.5 टक्क्यांना दिवसाच्या झोपाळूपणासह पूर्ण आजार आहे. दिल्लीच्या एम्सच्या डॉक्टरांनी 2023 साली देशभरातले अभ्यास एकत्र केले, तेव्हा प्रौढांमधलं प्रमाण सुमारे 11 टक्के निघालं आणि रुग्णांचा अंदाज दहा कोटींच्या वर गेला. लठ्ठपणा हे मोठं कारण आहेच. पण आशियाई माणसांत जबड्याच्या ठेवणीमुळे कमी वजनातही हा आजार होतो. “तुम्ही तर बारीक आहात, तुम्हाला कसला आजार” हे मामांना अनेकांनी ऐकवलं आणि त्यात त्यांची तीन वर्षं गेली. आता ते रोज सीपॅप लावून झोपतात. ट्रॅक्टरवर त्यांचा डोळा लागत नाही.

अन्ननलिकेतली नळी आणि जिभेतल्या तारा तालुक्याच्या गावी यायला वेळ लागेल. पण मेळ तुटलेला डोळ्यांनी दिसतो. घरात कुणी घोरता घोरता एकदम शांत होत असेल, तर त्या शांततेत त्याच्या अंगावरचं पांघरूण हलकेच बाजूला करा. पोट वर येतं आहे आणि छाती आत जाते आहे का, ते पाहा. छाती आणि पोट दोन्ही दिसतील असं दोन मिनिटांचं चित्रीकरण मोबाइलवर करा, आवाजासकट, आणि ते घेऊन या आठवड्यातच डॉक्टरांकडे जा. झोपेची तपासणी मागून घ्या.